केस गेले कशानें?



बुलढाणा जिल्ह्याचें नांव महाराष्ट्रांतील घरोघरीं दोन कारणांनीं निघतें. एक शेगांव येथील श्रीगजानन महाराजांच्या समाधिस्थानामुळें, आणि दुसरें लोणारच्या खाऱ्या सरोवरामुळें. २०२४ सालच्या डिसेंबरअखेर मात्र तें तिसऱ्याच आणि अगदीं अनपेक्षित कारणानें सर्वांच्या तोंडीं झालें. शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा अशा लहान लहान खेड्यांत माणसांच्या डोक्यावरील केस एकाएकीं गळूं लागले. प्रथम टाळूला खाज सुटावी, दुसऱ्या दिवशीं केसांत नुसता हात फिरविला तरी मूठभर केस हातांत यावेत, आणि तिसऱ्या चवथ्या दिवशीं डोकें गुळगुळीत व्हावें, असा हा प्रकार होता. म्हातारपणीं टक्कल पडतें, विषमज्वरानंतर केस विरळ होतात, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. पण पोरसवदा मुलगा, त्याची आई आणि त्याचा आजा अशा तिघांचेहि केस एकाच आठवड्यांत जावेत, असें कोणीं पूर्वीं ऐकलें नव्हतें. जानेवारी २०२५ संपेपर्यंत अठरा गांवांतील २७९ माणसांना ही व्याधि जडल्याची नोंद झाली.

शहरांत बसून ही बातमी वाचणाऱ्याला तींत थोडें हंसूं येण्याजोगेंहि कांहीं वाटलें असेल. वर्तमानपत्रांनीं 'टक्कल व्हायरस' असें तिचें बारसेंहि करून टाकलें होतें. ज्यांच्यावर प्रसंग आला त्यांची स्थिति निराळी होती. रुग्णांत कॉलेजांत जाणारे विद्यार्थी आणि तरुण मुली यांची संख्या मोठी होती. कित्येकांनीं शाळा-कॉलेजांत जाणें सोडलें, ठरलेलीं लग्नें अडलीं, आणि राहिलेल्या चार केसांची लाज वाटून कांहींनीं सरळ मुंडण करून घेतलें. आपल्याकडे स्त्रीच्या मुंडित मस्तकाला जो अर्थ पिढ्यान् पिढ्या चिकटलेला आहे, तो लक्षांत घेतला म्हणजे लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरीं काय वाटलें असेल याची कल्पना येईल. शिवाय रोगाचें कारण जोंपर्यंत अज्ञात असतें, तोंपर्यंत प्रत्येक रोगी हा शेजाऱ्याला सांसर्गिकच भासतो. म्हणून कारण शोधणें हा येथें निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय नव्हता. तो त्या गांवांच्या अब्रूचा विषय होता.

पहिला संशय शांपूवर गेला. पण ज्यांनीं जन्मांत कधीं शांपू वापरला नाहीं अशांचेहि केस गेले होते. तेव्हां तो तर्क एका दिवसांतच बाद झाला. त्यानंतर सर्वांचें बोट पाण्याकडे वळलें, आणि तें साहजिकच होतें. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोहों तीरांनीं जो सपाट काळ्या मातीचा पट्टा पसरला आहे, त्याला खारपाणपट्टा म्हणतात. तेथील जमिनीच्या पोटांतील पाणी खारट असतें. विहीर खणली तर पाणी लागतें, पण तें पिकाला चालत नाहीं आणि माणसालाहि मानवत नाहीं. मूत्रपिंडाच्या विकारांनीं या पट्ट्यांतील गांवें कित्येक वर्षें गांजलेलीं आहेत. ज्या प्रदेशांत पाण्यानें एकदां दगा दिला आहे, तेथें प्रत्येक नव्या दुखण्याचा आरोप पाण्यावरच होणार. नमुने तपासले तेव्हां त्यांत क्षार आणि नायट्रेट हीं द्रव्यें प्रमाणाबाहेर निघालीं, आणि क्षणभर असें वाटलें कीं चोर सांपडला.

पण तो चोर नव्हता. याची दोन कारणें सहज समजण्यासारखीं आहेत. नायट्रेट वाढलेल्या पाण्यानें तान्ह्या मुलांचें रक्त प्राणवायु वाहण्यास असमर्थ होतें व मूल निळें पडतें, हें प्रसिद्ध आहे; त्यानें केस जात असल्याचा अनुभव नाहीं. दुसरें असें कीं, खारपाणपट्ट्यांतील पाणी कांहीं २०२४ च्या डिसेंबरांत खारट झालेलें नाहीं. पणजोबांच्या काळापासून तें तसेंच आहे. जें कारण नेहमींच हजर असतें, तें एके दिवशीं अचानक घडलेल्या कार्याचें उत्तर होऊं शकत नाहीं. निदान एकट्यानें तरी नाहीं. शोध करणाऱ्याला नेहमीं 'काय आहे?' यापेक्षां 'नवें काय आलें?' हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

तिसरा तर्क बुरशीचा. डोक्याला होणारे खवडे हे बुरशीनेंच होतात आणि त्यांत केस जातात, खाजहि सुटते. सरकारी वैद्यांनीं टाळूच्या कातडीचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखालीं घातले ते यासाठींच. परंतु खवड्यांची चाल संथ असते. ते चट्ट्याचट्ट्यांनीं पसरतात, केस मुळाशीं तुटतात, खपल्या धरतात, आणि बहुधा लहान मुलांत आढळतात. तीन दिवसांत सगळें डोकें साफ करणारी बुरशी वैद्यकाला ठाऊक नाहीं.

येथें थोडें थांबून, कातडीवर उठणाऱ्या अज्ञात विकाराचें मूळ वैद्य कसें हुडकतात हें पाहिलें तर पुढील हकीकत अधिक चांगली समजेल. बाहेरून लागणाऱ्या विषाची खूण बहुधा कातडीवर त्या त्या जागींच उमटते. बिब्ब्याचें उदाहरण घ्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवांतून बिब्बा उतल्याचा अनुभव नसलेला माणूस विरळा. बिब्ब्याचें तेल जेथें लागेल तेथें लाली, फोड, आग आणि पाणी. आतां हाच बिब्बा आपल्या परटांच्या हातीं कपड्यांवर खुणा घालण्याची शाई म्हणून वापरला जात असे. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी पलटणी हिंदुस्थानांत आल्या, त्यांचे कपडे आपल्या परटांकडे जाऊं लागले, आणि शिपायांच्या मानेवर मागच्या बाजूस, जेथें गळपट्टीची आंतली खूण टेकते नेमक्या तेथें, चट्टे उठूं लागले. १९४३ सालीं अमेरिकन लष्करी वैद्यांनीं हें कोडें सोडवून प्रसिद्ध केलें. चट्ट्याची जागा आणि खुणेची जागा एकमेकांवर ठेवून पाहतांच उत्तर मिळालें. इतकें सोपें उत्तर मिळणें हें मात्र भाग्यच समजलें पाहिजे.

गाजरगवताचें प्रकरण याहून अवघड गेलें. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत हें परदेशी तण पुण्याच्या आसपास दिसूं लागलें. बाहेरून आणलेल्या गव्हाबरोबर त्याचें बीं आलें अशी लोकांची समजूत आहे. पुढें शेतकऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराची घडी, म्हणजे जो भाग उघडा राहतो तेवढाच, सुजून खाजूं लागला. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर व त्यांचे सहकारी यांनीं १९६० ते १९७५ च्या दरम्यान या गवताचा आणि त्या पुरळाचा संबंध रुग्णांच्या पाठीवर पट्ट्या लावून सिद्ध केला. सदऱ्याखालचें अंग शाबूत आणि उघडें अंग बिघडलेलें, हीच मुख्य साक्ष होती.

परंतु जागेची साक्ष कधीं कधीं फसवते. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत उन्हाळ्यांत हातापायांवर आणि गळ्याभोंवतीं काळपट, भेगाळलेले चट्टे उठत. ऊन लागेल तेथेंच ते उठत, म्हणून दोष उन्हाचा वाटे. प्रत्यक्षांत तो पेलाग्रा नांवाचा अन्नदोषाचा रोग होता, आणि हैद्राबादच्या पोषणसंस्थेंत डॉ. गोपालन यांनीं १९६० च्या सुमारास त्याचा ज्वारीच्या आहाराशीं असलेला संबंध दाखविला. ऊन हें निमित्त होतें; खोट ताटांत होती. सारांश, कातडी हें असें पाटीवरचें लिखाण आहे कीं तें बाहेरचाहि हात लिहितो आणि आंतलाहि.

शेगांवकडच्या प्रकरणांत कोणता हात लिहीत होता? केसांचा स्वभाव पाहिला तर याचें उत्तर बरेंचसें मिळतें. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात आणि त्यांपैकीं शेंकडा पंचाऐंशी ते नव्वद केस कोणत्याहि वेळीं वाढीच्या अवस्थेंत असतात. राहिलेले विश्रांति घेत असतात व यथाकाल गळून पडतात. रोज पन्नास ते शंभर केस जाणें हें निरोगीपणाचेंच लक्षण होय. मोठा ताप, बाळंतपण, उपासमार किंवा मनाला बसलेला धक्का यांनीं पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेंत जातात. पण ते गळतात दोनतीन महिन्यांनंतर, आणि तेव्हांहि सगळे जात नाहींत. म्हणजे तीन दिवसांत डोकें उघडें पडतें तेव्हां वाढते केसच मुळांतून तुटले असले पाहिजेत. केसाच्या मुळाशीं जें अहोरात्र नवें द्रव्य घडत असतें त्या कारखान्यालाच कोणी तरी टाळें ठोकलें असलें पाहिजे. अशी करामत अर्बुदरोगावरील तीव्र औषधें करतात, थॅलियमसारखीं कांहीं विषें करतात. ती टाळूवर लावलेल्या वस्तूची नसते. रक्तांतून आलेल्या वस्तूची असते. त्यांतच, कित्येक रुग्णांना डोकेदुखी, ताप, ओकारी, जुलाब, अंगाला मुंग्या येणें असेंहि होत होतें. तेंहि आंतूनच आलेल्या विषाकडे बोट दाखवीत होतें.

आणि आंत जाण्याचे मार्ग तीनच: श्वास, पाणी आणि अन्न. हवा साऱ्या तालुक्याची एक, पाण्याचा विचार झालेला, उरलें अन्न.

जानेवारी २०२५ मध्यें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचें पथक गांवांत आलें व रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने घेऊन गेलें. त्याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनींहि आपल्या परीनें तपास आरंभिला. बावस्करांचें नांव श्रोत्यांना नवें नसावें. कोंकणांत विंचू चावून मुलें पटापट मरत, त्या काळीं खेड्यांतील साध्या दवाखान्यांत बसून, रक्तदाबाच्या एका स्वस्त गोळीनें हे मृत्यु टाळतां येतात हें त्यांनीं दाखवून दिलें आणि जगांतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकांनीं त्यांचें लिखाण छापलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचें मूळ गांव जालना जिल्ह्यांतील देहेड. म्हणजे बुलढाण्याची सीमा तेथून फार दूर नाहीं. मोठ्या संस्थांचीं साधनें त्यांच्यापाशीं नव्हतीं, पण खेड्यांतील रोग्याजवळ बसून त्याला काय खाल्लें, कुठून आणलें, हें विचारण्याची जी जन्माची संवय, ती होती; आणि अशा कामीं तिची किंमत यंत्रांपेक्षां कमी नसते.

रुग्णांच्या घरांत त्यांना एक गोष्ट सामान्य आढळली. या घरांतून रेशनच्या दुकानांतला गहूं खाल्ला जात होता, आणि तो गहूं इकडचा नसून पंजाब-हरयाणाकडून आलेला होता. वऱ्हाडाची मूळ भाकर ज्वारीची. रेशनमुळें गरिबाच्या घरीं पोळी आली. यांत वाईट कांहीं नाहीं, परंतु त्यामुळें असें झालें कीं, बोंडगांवच्या ताटाचा धागा हजार मैलांवरच्या कुठल्याशा शेताशीं जोडला गेला, आणि त्या शेताची माती कशी आहे हें खाणाऱ्याला समजण्याची सोय राहिली नाहीं.

तो गहूं ठाण्याच्या प्रयोगशाळेंत तपासण्यास पाठविला गेला. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एक किलो गव्हांत १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालें. रुग्णांच्या रक्तांत तें नेहमींच्या पस्तीसपट, लघवींत साठपट आणि केसांत दीडशेंपट होतें. उलट जस्ताचें प्रमाण बरेंच खालावलेलें होतें. केंद्रीय पथकाच्या तपासांतहि रुग्णांच्या अंगीं सेलेनियम वाढलेलें दिसल्याचीं वृत्तें आलीं.

सेलेनियम ही काय चीज आहे? १८१७ सालीं स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियस याला गंधकाम्लाच्या कारखान्यांतील गाळांत हें मूलद्रव्य सांपडलें. याच्याच जातीचें एक मूलद्रव्य त्याआधीं सांपडलें होतें व त्याला पृथ्वीचें नांव दिलें गेलें होतें, म्हणून या भावंडाला त्यानें ग्रीक भाषेंतील चंद्राचें नांव दिलें. तें गंधकाचें सगोत्र आहे आणि साऱ्या अनर्थाचें मूळ या गोत्रांतच आहे. आपले केस आणि नखें ज्या केराटिन नांवाच्या द्रव्याचीं घडलेलीं असतात, त्याचा टणकपणा गंधकाच्या बंधांवर अवलंबून असतो. जमिनींत सेलेनियम फार असलें कीं गव्हाचें रोप त्याला गंधक समजून शोषून घेतें आणि दाण्याच्या प्रथिनांत बसवितें. तो दाणा खाणाऱ्याचें शरीरहि त्याच भ्रमांत राहतें. मग केस आणि नखें यांच्या घडणींत खऱ्या विटेच्या जागीं खोटी वीट बसते, आणि भिंत कोसळते. गंमत अशी कीं हेंच सेलेनियम अत्यल्प प्रमाणांत जीवनाला अवश्य आहे. तें मुळींच न मिळाल्यास हृदय दुबळें होतें. चीनच्या एका भागांत त्यापायीं पुष्कळ मुलें व स्त्रिया दगावल्या होत्या. औषध आणि विष यांतील अंतर इतकें थोडें असलेलीं द्रव्यें फारशीं नाहींत.

तें अंतर आंकड्यांत मांडूं. मोठ्या माणसाला दिवसाला पन्नासपंचावन्न मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतें. चारशें मायक्रोग्रॅम ही सुरक्षिततेची वरची मर्यादा धरतात. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. आतां कष्टाचें काम करणारा माणूस दिवसांत तीनशें ग्रॅम कणीक खातो असें धरलें, आणि ती वरील गव्हाचीच असली, तर त्याच्या पोटांत ४.३६ मिलिग्रॅम, म्हणजे ४३५६ मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. मर्यादेच्या जवळजवळ अकरापट! कोणी म्हणेल, रेशनवर माणशी महिना पांच किलो धान्य मिळतें आणि त्यांत तांदूळहि असतो. मग तीनशें ग्रॅम गहूं रोज कुठून येणार? शंका रास्त आहे. बरें, महिना तीन किलोच गहूं धरूं, म्हणजे रोजचे शंभर ग्रॅम. तरी १४५२ मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे साडेतीनपटींहून अधिक. हिशेब कसाहि करा, तो धोक्याच्या अलीकडे येत नाहीं.

हा हिशेब पारखून घेण्यास चीनमधील एक जुना दाखला फार उपयोगी आहे. हूपे प्रांतांतील एन्शी जिल्ह्यांत १९६१ ते १९६४ या वर्षांत अशीच साथ आली होती. तेथेंहि केस गेले, नखें गळालीं, आणि अत्यंत बाधित अशा पांच खेड्यांत निम्मीं माणसें आजारी पडलीं. कारण पुढें कळलें. तेथील दगडी कोळशांत सेलेनियम होतें, तो झिजून शेतांत उतरलेला. त्यांतच अवर्षणानें भाताचें पीक बुडालें आणि लोकांना गांवच्याच मक्यावर व भाजीपाल्यावर गुजराण करावी लागली. १९८३ मध्यें चिनी शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें त्या लोकांच्या पोटांत रोज सरासरीनें पांच मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम जात होतें. आपल्या वरील हिशेबांतील ४.३६ हा आंकडा त्याच्या शेजारीं ठेवून पाहावा. पुढील अभ्यासांत असें आढळलें कीं, रोज नऊशें मायक्रोग्रॅमच्या पुढें गेलें कीं नखांत बिघाड दिसूं लागतो.

याहीपूर्वींची साक्ष जनावरांची आहे. अमेरिकेंत मिसूरी नदीकांठच्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यांत १८५६ सालीं घोड्यांची आयाळ आणि शेंपटीचे केस झडूं लागले व खुर सुटूं लागले. तेथील वैद्यानें वर्णन बिनचूक लिहून ठेवलें, पण कारण त्याला सांपडलें नाहीं. लोकांनीं खाऱ्या जमिनीला आणि खाऱ्या पाण्याला दोष देऊन त्या रोगाला 'क्षाररोग' असें नांव दिलें. खरें कारण, म्हणजे चाऱ्यांतील सेलेनियम, १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत उघडकीस आलें. मिसूरीच्या कांठीं खाऱ्या पाण्यावर आळ आला आणि पूर्णेच्या कांठींहि खाऱ्या पाण्यावरच आला. खार डोळ्याला दिसतो, जिभेला कळतो. म्हणून आरोपी तो होतो.

आपल्याकडे पंजाबांत होशियारपूर आणि नवांशहर (आतांचा शहीद भगतसिंग नगर) या जिल्ह्यांत शिवालिक टेंकड्यांच्या पायथ्याशीं सेलेनियमयुक्त जमीन आहे. टेंकड्यांवरून वाहून आलेल्या गाळानें ती तशी झालेली आहे. क्षेत्र म्हणावें तर सुमारें एक हजार हेक्टर. पंजाबच्या विस्तारांत तो एक ठिपकाच. लुधियान्याच्या कृषिविद्यापीठांतील संशोधकांनीं या जमिनीचा अभ्यास वर्षानुवर्षें केला आहे. तेथील गुरांचे खूर व शिंगें बिघडतात आणि तेथलेंच धान्य खाणाऱ्या माणसांचेहि केस व नखें जातात, हें नोंदलेलें आहे. म्हणजे बुलढाण्याच्या गव्हांत निघालेली वस्तु कल्पनेंतली नाहीं. अशी जमीन आहे आणि असा गहूं पिकतो.

बावस्करांच्या तपासांतील एक बारकावा विशेष मोलाचा आहे. त्यांनीं तोच गहूं धुऊनहि तपासून घेतला. धुतलेल्या गव्हांत १३.६१ मिलिग्रॅम सेलेनियम उरलें. सेलेनियम बाहेरून लागलेलें असतें, वखारींत फवारलेल्या कसल्याशा औषधाचें किंवा पोत्याच्या धुळीचें असतें, तर तें पाण्याबरोबर बरेंचसें निघून गेलें असतें. तें गेलें नाहीं, कारण तें दाण्याच्या पोटांत होतें, म्हणजे शेतांतूनच आलेलें होतें. एका साध्या धुण्यानें संशयितांची अर्धी यादी खोडली गेली! गृहिणींनींहि यांतून इतकें ध्यानांत घ्यावें कीं असल्या गव्हाला पाखडणें, निवडणें, धुणें हे उपाय लागू पडत नाहींत. दाणा दिसायला टपोराच असतो.

या निष्कर्षावर आक्षेप आले नाहींत असें नाहीं, आणि ते येणें इष्टच होतें. मुख्य आक्षेप मिसळीचा. बाजारांत गोळा होणारा गहूं हजारों शेतांचा एकत्र होतो. हजार हेक्टरांचें पीक लाखों हेक्टरांच्या पिकांत मिसळलें तर त्याचें विष विरून जावयास हवें. शेगांवच्या अठरा गांवांपुरतें तें एकवटलें कसें? हा प्रश्न खरोखर अवघड आहे. याचें संभवनीय उत्तर इतकेंच देतां येईल कीं, गहूं समुद्रांत ओतलेल्या पाण्यासारखा मिसळत नाहीं. एका मंडईंत एका दिवशीं आलेला माल पोत्यांत भरला जातो, तीं पोतीं एका थप्पीला लागतात, ती थप्पी एका वाघिणींत चढते, आणि वाघीण एका गोदामांत रिकामी होते. अशा प्रवासांत एका गांवचा माल शेवटपर्यंत बराचसा एकत्र राहूं शकतो. साथीचें स्वरूपहि याच्याशीं जुळतें: ती अचानक आली, ठराविक गांवांत राहिली आणि ओसरली. सांसर्गिक रोग असता तर तो शेगांवच्या स्थानकावरून गाडींत बसून भुसावळला आणि नागपूरला केव्हांच पोंचला असता. तेथें रोज हजारों यात्रेकरू चढतात आणि उतरतात. उलट पुरवठा संपला कीं रोग संपतो, हें अन्नविषाचें लक्षण आहे. तो गहूं सोडल्यावर पांचसहा आठवड्यांत कांहींच्या डोक्यावर पुन्हां केस फुटूं लागले, हीहि त्याच बाजूची साक्ष. जस्त कमी असण्याचा भाग मात्र अधिक तपासण्यासारखा आहे. सेलेनियमनें जस्त हटविलें, कीं आधींच जस्ताची उणीव असलेल्या शरीरांवर सेलेनियमचा घाव जास्त खोल बसला, हें केवळ रोग्यांच्या रक्तावरून ठरवितां येत नाहीं. त्यासाठीं त्याच गांवांतील, तोच गहूं खाऊन केस न गेलेल्या माणसांचें रक्तहि तितक्याच काळजीनें पाहावयास हवें.

हें सर्व होत असतांना एप्रिल २०२५ मध्यें त्याच तालुक्यांतील कांहीं गांवांतून दुसरी तक्रार आली. ज्यांचे केस गेले होते त्यांच्यापैकीं कित्येकांचीं नखें खडबडीत, पांढुरकीं होऊन सुटूं लागलीं. गांवकऱ्यांना वाटलें, नवेंच संकट आलें. तें जुन्याचेंच उरलेलें टोंक होतें. हाताचें नख महिन्याला सुमारें तीन मिलिमीटर वाढतें, पायाचें त्याच्या निम्म्यानेंहि नाहीं. डिसेंबरांत नखाच्या मुळाशीं जें बिघडलें, तें कातडीखालून बाहेर येऊन डोळ्याला दिसण्यास आणि पुढें सरकून नख कमकुवत होण्यास चार महिने लागणारच. केस आज गळतो, नख उद्यां. दोघांची घडण एकच, चाल मात्र निरनिराळी. म्हणूनच अशा तपासांत रोग्याच्या नखाचा कापलेला तुकडा फेंकून न देतां जपून ठेवावा असें सांगतात. मुळापासून टोंकापर्यंत त्याचे बारीक भाग पाडून प्रत्येकांतलें सेलेनियम मोजलें, तर कोणत्या महिन्यांत विष पोटांत जाऊं लागलें आणि कोणत्या महिन्यांत थांबलें, हें त्यावरून काढतां येतें. आणि तो महिना हातीं आला कीं त्या महिन्यांत तालुक्याच्या गोदामांत कोणत्या थप्पीचा गहूं उतरला होता, हें पाहण्यास वखारीची वही उघडतां येते.